भिंत एक, रेघ एक

सई आणि नील,

सई, गेल्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस की नकाशांच्या कामासाठी कुठली लायब्ररी घ्यायची यावरून तुमच्या ऑफिसात चार दिवस वाद चाललाय. “मग काय ठरलं?” असं मी विचारलं तेव्हा हसून म्हणालीस, “आजी, जाऊ दे, तुला कंटाळा येईल.”  कंटाळा आला नव्हता. हाच प्रश्न एकदा माझ्या टेबलावर आला होता, सुरतेला, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आणि माझं उत्तर चुकलं होतं. त्या खोलीतल्या माणसांपैकी माझ्या माहितीप्रमाणे आता मी एकटीच उरले आहे, आणि माझं वय तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

हे लायब्ररीबद्दल थोडं आणि एका माणसाबद्दल जास्त आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना विचारायला ते सापडले नाहीत.

रेघ ओढण्यापूर्वी ते श्वास रोखायचे. मनगटाला घडी केलेला रुमाल बांधलेला, कारण घामाचा थेंब नकाशाच्या पारदर्शक फिल्मवर पडला की शाई पसरते. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. रेघ पुरी होईपर्यंत त्यांना कोणी हाक मारायची नाही, असा ऑफिसचा अलिखित नियम होता, आमचे मालक, शेठसुद्धा पाळायचे. रेघ संपली की मोठा सुस्कारा, आणि मग स्वतःशीच, दर वेळी तेच शब्द: “भिंत एक, रेघ एक.”

दोन खोल्यांमध्ये एकच भिंत असेल तर नकाशावर ती एकदाच काढायची, एवढाच त्याचा अर्थ. नवा माणूस एखादी सामाईक भिंत दोनदा गिरवून जाड करून ठेवायचा तेव्हा ते ब्लेडने दुसरी रेघ खरवडत आणि म्हणत, “दोघा भावांना एक भिंत पुरते बाबा, तू कशाला भांडण लावतोस?”

शेठचं ऑफिस रिंग रोडजवळ कापड मार्केटच्या गर्दीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. नकाशे काढणं, त्यांच्या प्रती काढणं हा धंदा. तुमचे आजोबा बँकेत, सईचे बाबा हॉस्टेलवर. घर मला खायला उठायचं. इंग्रजीतली पदवी होती, टायपिंग येत होतं, म्हणून मी तिथे पत्रं आणि टेंडरं लिहायला जाऊ लागले. शेठ मला बेन म्हणायचे, हे बाई म्हणायचे. मी त्यांना भाऊ म्हणे. सगळेच म्हणायचे.

ते मूळचे शिरपूरकडचे. आधी चार वर्षं यंत्रमागावर, म्हणजे लूमवर काढलेली, मग रात्रशाळेत आरेखन शिकले. राहायचे खाडीकाठच्या वस्तीत, खानदेशातून आलेल्या लूमवाल्यांच्या शेजारी. ऑफिसात आमच्याशी नीट पुस्तकी मराठी, शेठशी गुजराती, आणि खाली टपरीवर गावचं कोणी भेटलं की अहिराणी. “बाई, माणसाला तीन भाषा पाहिजेत,” म्हणायचे. “एक पोटाची, एक साहेबाची, आणि एक भांडायची.” भांडायची कुठली ते मी विचारलं नाही. पुढे कळली.

वस्तीवरून एक रुंद रस्ता जायचा होता. त्याआधी सरकारी कचेरीला तिथल्या घरांचा नकाशा हवा होता, आणि तो कॉम्प्युटरवरच हवा होता. नकाशात ज्या घराला नंबर पडेल, त्या घराला शहराबाहेर भेस्तानच्या पलीकडे जागा मिळणार. नंबर नाही, तर जागाही नाही. ते काम आमच्या शेठना मिळालं.

मोजणी भाऊंनीच केली. आपलीच वस्ती, म्हणून चार रविवार विनामोबदला गेले. एकदा मीही गेले होते बघायला. टेपचं एक टोक एखाद्या बाईच्या हातात, दुसरं यांच्या. “वहिनी, टेप ताणा, मी काही तुम्हाला ओढून नेत नाही.” बायका पदरात तोंड लपवून हसत. म्हातारे बाहेर बाजेवर बसून विचारत की आमचं आलं का. हे प्रत्येकाला सांगत, “आलं. स्वतःच्या हाताने काढतोय. एकही सुटणार नाही.” पुढची ओळ जरा ऐसपैस, मागची खाडीला टेकलेली, लहान लहान खोल्यांची. त्या मागच्या ओळीत त्यांची विधवा बहीण राहायची, भावाच्या खोलीला पाठीला पाठ लावून. मधली भिंत एकच होती. ती तिकडून पातेलं आपटून भावाला जेवायला बोलवायची.

फिल्मवरचा नकाशा पुरा झाला तेव्हा त्यावर दोनशे बारा घरं होती. इतका सुबक कागद मी पुन्हा पाहिला नाही.

आता लायब्ररी. नील, तुला डॉक्टरला हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. प्रोग्राम लिहिणारा प्रत्येक गोष्ट स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे घेतो आणि जोडतो. अशा तुकड्यांची एक पेटी म्हणजे लायब्ररी. आम्हाला हवी होती ती नकाशातल्या रेघा, कोपरे आणि बंद आकृत्या सांभाळणारी. आमचे प्रोग्रामर वडोदऱ्याचे. दर गुरुवारी यायचे, एरवी फोनवर. त्यांनी दोन पेट्या आणून दिल्या आणि शेठना म्हणाले, कुठलीही घ्या, पण या आठवड्यात ठरवा. शेठनी दोन्हींची माहितीपुस्तकं माझ्यापुढे ठेवली. “बेन, तमे अंग्रेजीवाळा. वाचो ने कहो.”

मी मनापासून वाचली. पहिलीला अ म्हटलं, दुसरीला ब. अ-चं पुस्तक झकास होतं, अनुक्रमणिका, उदाहरणं, सगळं जागच्या जागी. तिच्यात प्रत्येक घर ही स्वतंत्र बंद आकृती. चार कोपरे दाबले की घर झालं. ब-चं पुस्तक कुठल्याशा विद्यापीठातल्या लोकांनी लिहिलेलं, वाक्यं अर्धी, पानं उलटसुलट, आणि अडलं तर विचारायला कोणी नाही. तिच्यात घर नसायचंच, फक्त भिंती असायच्या; आणि प्रत्येक भिंतीजवळ नोंद, की डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण.

गुरुवारी प्रोग्रामरांनी दोन्ही चालवून दाखवल्या. डिजिटायझर नावाचा मोठा पाट, त्यावर नकाशा चिकटवायचा आणि भिंग लावलेला एक माऊस हाताने फिरवून कोपरे टिपायचे. भाऊ त्याला चष्मेवाला उंदीर म्हणायचे. ओळीतल्या तीन खोल्या त्यांनी अ-मध्ये टिपल्या, मग ब-मध्ये, आणि बोटांवर मोजलं.

“बाई, हिच्यात बारा भिंती झाल्या. तिच्यात दहा.”

“बरं मग?”

“खोल्या त्याच, तीन. दोन भिंती जास्त बांधल्या ना हिने? विटा कोणी दिल्या?”

प्रोग्रामर हसले. मीही हसले. ते मात्र ब-च्या पडद्यासमोर वाकून उभे होते. एका रेघेवर उंदीर नेला की खाली दोन नावं उमटत होती, अलीकडच्या घराची आणि पलीकडच्या. त्यांनी पाच-सहा रेघांवर नेऊन पाहिला. मग कपाळावरचा चष्मा नाकावरच्या चष्म्यावर आला तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“हिला शेजार समजतो,” म्हणाले.

मी तुलनेची टिपणी लिहायला बसले. वेग, जागा, माहितीपुस्तक, मदत, शिकायला लागणारे दिवस, असे रकाने आखले. ते चहाची बशी घेऊन मागे उभे राहिले. टेबलावर कप ठेवणं त्यांना पाप वाटायचं, बशी नेहमी जमिनीवर किंवा हातात.

“बाई, एक रकाना राहिला.”

“कोणता?”

“शेजार.”

“भाऊ, इंग्रजीत असं काही लिहीत नाहीत हो,” मी म्हणाले.

ते “बरं” म्हणून जागेवर गेले. मला आज वाटतं की लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. इंग्रजीत त्याला शब्द होता, त्या ब-च्या पुस्तकातच पानोपानी होता. मला तो अवघड वाटला म्हणून मी त्यावरून पुढे गेले होते. माझी टिपणी तीन पानी, नीटनेटकी, शिफारस अ-ची. शेठनी पहिलं पान वाचलं आणि सही केली.

काम भराभर झालं. पण अ-मध्ये प्रत्येक सामाईक भिंत दोनदा टिपावी लागे, आणि माणसाचा हात दुसऱ्या वेळी नेमका पहिल्या रेघेवर बसत नाही. केसाएवढी फट राहते, नाहीतर एक घर दुसऱ्यावर चढतं. अशा शेकडो चिंचोळ्या फटी झाल्या आणि कॉम्प्युटर त्या प्रत्येकीला घर समजू लागला. एका सकाळी वडोदऱ्याहून प्रोग्रामरांचा फोन आला. चिंता नको, म्हणाले, या लायब्ररीत साफसफाईची सोय तयारच आहे. अमुक आकारापेक्षा लहान जे असेल ते कचरा समजून आपोआप निघून जाईल. फक्त आकार सांगायचा.

“मॅडम, लहानात लहान घर केवढं असेल?”

मुलांनो, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते खरं सांगते. अडाजणच्या आमच्या फ्लॅटमधली देवघराची खोली आली. ती मी पडद्याचं कापड घ्यायला मोजली होती. त्याहून लहान जागेत माणूस काय राहणार?

“सत्तर चौरस फूट धरा,” मी म्हणाले. “त्याच्या खाली घर असूच शकत नाही.”

भाऊ माझ्यापासून चार हातांवर बसले होते. श्वास रोखून दुसऱ्या कुठल्याशा कामाची रेघ ओढत होते. रेघ संपेपर्यंत त्यांना हाक मारायची नाही, हे मी पाळलं, असंही म्हणता येईल. पण खरं म्हणजे त्यांना विचारावं असं माझ्या मनातच आलं नाही.

नकाशा आणि यादी पंधरा दिवस कचेरीत लावून ठेवली होती. कोणाचं नाव राहिलं असेल तर त्या मुदतीत अर्ज करायचा. वस्तीतून एकही माणूस बघायला गेला नाही. कशाला जातील? लूमवरची एक पाळी बुडवायची, भिंतीवरचं इंग्रजी-गुजराती वाचायला कोणाला तरी बरोबर न्यायचं, आणि तेही कशासाठी? आपल्या माणसाने आपल्या हाताने घर काढलंय, टेपचं दुसरं टोक आपणच धरलं होतं. जाऊन तपासणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. एकाने तर निघालेल्या शेजाऱ्याला अडवलं, असं नंतर कळलं: भाऊला काय वाटेल?

आणि भाऊ स्वतः? त्यांनी फिल्म पाहिली होती. फिल्मवर दोनशे बारा होती.

मुदत संपल्यावर वस्तीत यादी वाचली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची बहीण ऑफिसच्या दारात उभी राहिली. तीन जिने चढून दम लागलेला. आत यायला ती तयार नव्हती, चपला बाहेर काढून उंबऱ्याशीच थांबली.

“भाऊ,” ती म्हणाली, “मन्हं घर कोठे शे?”

तुम्हाला अहिराणी येत नाही, पण हे कळेल.

ते उठले. कॉम्प्युटरवरून निघालेली मोठी प्रत टेबलावर पसरली आणि कोरड्या निबने एकेक घर मोजत गेले. पुढची ओळ पुरी होती. मागे आले तसा निब थबकू लागला. खाडीकाठी जिथे घरांची माळ असायला हवी तिथे मधूनमधून नुसता पांढरा कागद होता. त्यांनी दोनदा मोजलं. एकशे त्र्याहत्तर. एकोणचाळीस घरं नव्हती.

मग त्यांनी फिल्म काढली, पट्टी ठेवली आणि गेलेल्या घरांची मापं कागदावर मांडू लागले. पाच-सहा झाल्यावर थांबले.

“बाई, ही सगळी सत्तरच्या खाली आहेत.”

सत्तर हा आकडा त्यांनी शोधून काढला होता, मला तो माहीत होता. मी सांगितलं. फोन, प्रश्न, माझं उत्तर, सगळं. देवघराचं मात्र सांगितलं नाही, तेवढं धैर्य झालं नाही.

त्यांनी पट्टी फिल्मवरून उचलून बाजूला ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

“विचारायचं होतं, बाई,” म्हणाले. “मी इथेच होतो.”

पुढचे पंधरा दिवस जे जे करता येतं ते केलं. प्रोग्रामरांनी साफसफाई काढून टाकली. कचऱ्यासकट सगळं परत आलं, आणि भाऊंनी शेकडो फटींतून एकोणचाळीस घरं हाताने वेचली. नवी प्रत निघाली, तिच्यात दोनशे बारा होती. मी इंग्रजीत अर्ज टाइप केला, चूक आमची आहे असं स्पष्ट लिहिलं. तोपर्यंत शेठ दोनदा स्वतः कचेरीत जाऊन आले. वाईट माणूस नव्हते ते. तिसऱ्यांदा भाऊ आणि मी गेलो. खिडकीपलीकडच्या माणसाने अर्ज वाचला, आदराने वाचला. म्हणाला की यादी पक्की होऊन वर गेली, मुदतीत एकही हरकत आली नाही, आता त्याच्या हातात काही नाही.

भाऊंनी गुंडाळलेली फिल्म खिडकीतून आत सरकवली. “साहेब, ही बघा. ही आधीची आहे.”

“पण हा हाताने काढलेला नकाशा आहे,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरवर जो आहे तोच धरतात.”

जिना उतरताना भाऊ म्हणाले, “हात कोणाचा होता, ते त्याने विचारलं नाही.”

वस्तीत त्यांना कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त ते गल्लीत शिरले की कोणीतरी मोठ्याने म्हणायचं, “ऊना रे ऊना, रेघवाला ऊना!” आला रे आला. आणि दारं ओढून घेतली जायची. एका म्हाताऱ्याने मात्र तोंडावर विचारलं की तुझं घर बरं आलं नकाशात. त्यांची खोली एक्याऐंशी चौरस फुटांची होती. भांडायच्या भाषेत, अहिराणीत, उत्तर द्यायला ते उभे राहिले आणि शब्द आले नाहीत, असं त्यांच्या बहिणीनेच मला सांगितलं. माझं नाव त्यांनी वस्तीत कधीच घेतलं नाही. शेठसमोरही नाही.

रस्ता आला. ज्यांना नंबर होते ते भेस्तानपलीकडे गेले. बहीण भावाच्या खोलीत आली. बाकी अडतीस घरांतली माणसं कडोदऱ्याला, पलसाण्याला, कोणी परत गावाला, अशी पांगली. कोण कुठे गेलं याची नोंद कोणी केली नाही. भाऊंनी करायला घेतली होती. लोकांनी पत्ते दिले नाहीत.

ते ऑफिसात येत राहिले, पण त्यांचा हात गेला. रेघेआधी श्वास रोखायचे आणि तसाच सोडून द्यायचे. पेन टेकतच नसे. एका बंगल्याचा साधा आराखडा आठवडाभर चालला. शेठनी त्यांना प्रती काढायच्या मशीनवर बसवलं. अमोनियाचा उग्र वास, डोळ्यांतून पाणी, कोणी विचारलं तर म्हणायचे, “मशीनमुळे.” मी त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न करायची. ते नेहमीइतक्याच अदबीने “बोला बाई” म्हणायचे, आणि मी टेंडराविषयीच काहीतरी विचारून परतायची.

मग एका सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाही. मी भेस्तानला गेले तेव्हा बहीण एकटी होती. भाऊ पलसाण्याला रंगाच्या कारखान्यात लागला, तिने सांगितलं, ताग्यांवर नंबर घालायचं काम. मी तिच्याजवळ माझी चूक कबूल केली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाई, चहा टाकू?”

पलसाण्याला हायवेलगत ओळीने कारखाने, नाल्यांतून लाल-निळं पाणी. चार फाटकांवर विचारलं. पाचव्या फाटकावरच्या रखवालदाराला मी सांगितलं की नकाशे काढणारे एक गृहस्थ आहेत. तो म्हणाला, “नक्शेवाला? यहाँ कोई नक्शेवाला नहीं है, माताजी.” नंतर कोणी म्हणालं की त्यांना कडोदऱ्याला पाहिलं. मी तिथेही गेले. वर्षभराने पुन्हा भेस्तानला गेले तर त्या खोलीत दुसरंच कुटुंब होतं. आजोबांची बदली झाली आणि आम्ही सुरत सोडली.

सई, तुम्ही कुठली लायब्ररी घ्यावी हे मी सांगणार नाही, मला आता त्यातलं कळतही नाही.

शेठ गेले, ऑफिस बंद झालं, फिल्मचे सगळे गुंडाळे रद्दीत गेले. सुरत सोडताना मी एका फ्लॉपीवर कचेरीत दिलेल्या त्या पहिल्या नकाशाची प्रत घेतली होती. तुझ्या बाबांनी ती वेळेवर दुसरीकडे उतरवून ठेवली. गेल्या दिवाळीत त्याला ती उघडायला सांगितली. मला वाटलं होतं की इतक्या वर्षांनी उघडणार नाही. कुठल्याशा फुकटच्या प्रोग्रामने ती क्षणात उघडली, एक रेघही बिघडलेली नाही. तिच्यात घरं एकशे त्र्याहत्तर आहेत.